टॅब घ्यावा की संगणक?

आमच्या बचत गटात सध्या एकच वाद आहे. साठवलेल्या पैशांतून टॅब घ्यायचा की टेबलावरचा संगणक? टॅब हलका, बॅटरीवर चालणारा. वीज गेली तरी बैठकीतली हजेरी, फोटो, पावत्या होऊन जातात. पण महिनाअखेरीस हिशेब जुळवायला बसलं, की काचेवर बोट चुकून पडतं आणि 500 चे 5000 होतात. दोन तक्ते शेजारी ठेवून ताळा करायचा, तर पडदा पुरत नाही. टॅलीसुद्धा विंडोजच्या संगणकासाठीच बनलेलं. म्हणून मला वाटतं, घरोघरी फिरून माहिती घ्यायची तर टॅब. वर्षाचा हिशेब ठेवायचा तर संगणक. दुकानात जाण्याआधी आपलं काम कागदावर मांडा. पैसा दहाजणींचा आहे!