स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा

पावसाळ्यात सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोलीतली आपली मंडळी सापुताऱ्याकडे किंवा नवापूरमार्गे खानदेशात गावी निघतात. हल्ली त्यात जिप्सी, जिम्नीसारख्या गाड्याही दिसतात. या गाड्यांची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असतात, म्हणून एका चाकाची थरथर दुसऱ्यापर्यंत पोहोचते.

डांगच्या चिखलातून आल्यावर महामार्गावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं, तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. तिथे वाळलेला चिखल चिकटला की चाकाचा तोल जातो. तो चिखल धुऊन काढा, मग व्हील बॅलन्सिंग करा. थरथर फक्त ब्रेक दाबताना येत असेल, तर ब्रेकच्या डिस्क तपासा.

खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग हातात न राहण्याइतकं हेलकावू लागलं, तर मात्र मामला गंभीर. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने बाजूने वाकून पाहावं. टाय रॉडचे सांधे, जिम्नीत पॅनहार्ड रॉडचे बुश, नट-बोल्ट यांत कुठे ढिलाई दिसते? पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं, तर किंगपिन किंवा चाकाचं बेअरिंग सैल असल्याचं कळतं. नुसता नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवू नका. त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

चालत्या गाडीत असं झालं, तर स्टिअरिंग घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या. आणि सांधे तपासल्याशिवाय ती गाडी घाटात नेऊ नका.