हा पाऊस कोणत्या वाऱ्यानं आणला?

आज बोलू या वाऱ्याविषयी. म्हणाल, वाऱ्याचं काय एवढं? पण बियाण्याच्या पिशवीसाठी आपण गटातून कर्ज काढतो आणि पेरणी करतो. पाऊस दडी मारतो, उगवलेलं करपतं आणि दुसरी पिशवी आणावी लागते. म्हणून पडलेला पाऊस कोणता, हे ओळखता आलं पाहिजे.

हवा ज्या जागेवर बरेच दिवस राहते, त्या जागेचा गुण घेते. समुद्रावरची हवा दमट होते, उत्तरेच्या जमिनीवरची कोरडी होते, थंडीत गारही होते. अशा दोन हवा समोरासमोर आल्या की लगेच एकजीव होत नाहीत. गार हवा जड, ती खाली घुसते. उबदार हवा हलकी, ती वर ढकलली जाते. वर गेली की थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. भाताच्या पातेल्याच्या झाकणावर थेंब जमतात ना, तसंच. युरोपासारख्या थंड मुलखात दोन हवांची ही सीमा शेकडो किलोमीटर लांब असते. तिला हवेची आघाडी म्हणतात. आपल्याकडे हवा वर चढते ती जास्त करून उन्हाच्या तापानं आणि सह्याद्रीच्या भिंतीमुळं.

पहिला पाऊस वळवाचा. एप्रिल-मेमध्ये जमीन तापलेली असते, समुद्राकडून थोडी दमट हवा येते आणि दुपारनंतर झपाट्यानं वर चढते. ढग उंच वाढतो. वादळ, विजा, कधी गारा. एका शिवारात पाणीच पाणी, पलीकडच्या शिवारात धूळ. हा पाऊस तासाभराचा पाहुणा. याच्या भरवशावर पेरू नका. आणि ढग गडगडला की झाडाखाली थांबू नका, शेत सोडून पक्क्या घरात जा.

दुसरा मोसमी पाऊस. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतो. घाटाला धडकतो, वर चढतो आणि तिथंच रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या दहिवडीला मात्र पाचशेच्या आसपास. डोंगर उतरताना हवा पुन्हा तापते, कोरडी होते. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जतवरून ढग पळतात, पण पडत नाहीत. आणि घाटावर पडलेलं तेच पाणी कोयना-कृष्णेतून खाली येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं. सांगलीत उघडीप असली तरी घाटात काय चाललंय आणि धरणातून किती पाणी सोडलंय, याची खबर नदीकाठच्या बायकांनी ठेवायलाच हवी.

तिसरा परतीचा पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वारा फिरतो, बंगालच्या उपसागराकडून पूर्वेची दमट हवा येते. तिच्या वाटेत घाट आडवा येत नाही. म्हणून दुष्काळी पट्ट्याला हस्ताचा पाऊस आधार देतो आणि त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते.

चौथा अवकाळी. हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत उत्तरेची गार, कोरडी हवा आणि समुद्राकडची दमट हवा महाराष्ट्रावर भेटते, तेव्हा हा पाऊस येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात मोठी गारपीट झाली, ती अशाच भेटीतून. तासगाव, कवठेमहांकाळकडे त्या दिवसांत द्राक्षं काढणीला आणि बेदाणा शेडवर असतो. बेदाणा भिजला की काळा पडतो, भाव उतरतो आणि निवडायला जाणाऱ्या बायकांची मजुरीही बुडते. मार्चमध्ये गार वारा एकदम दमट लागला, आभाळ भरून आलं, तर हवामान खात्याचा अंदाज ऐका आणि शेडचे पडदे आधीच सोडा.

आता गटानं करायचं एक काम. तालुक्याचा पावसाचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असं नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा एक डबा घ्या. झाड आणि भिंत यांपासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. एक सेंटीमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. मोसमी पाऊस सुरू झाल्यावर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असं कृषी विभाग सांगतो. म्हणजे वहीतली बेरीज साडेसात ते दहा सेंटीमीटर व्हायला हवी. शिवाय कुदळीनं उकरून ओल किती खोल गेली तेही बघा.

शेजाऱ्यानं तिफण जुंपली म्हणून घरातलं माणूस घाई करायला लागलं, तर ही वही समोर ठेवा. पेरायचं कधी, या बोलण्यात आपलाही आकडा असू द्या.