कोरणे : एका शब्दाची गोष्ट
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण "घरातल्याच एखाद्या विषयावर बोला" असे चिटणीसबाईंनी सांगितले, म्हणून घरातलाच एक शब्द घेऊन उभी राहिले आहे. तो शब्द 'कोरणे'.

भरल्या कारल्याचा गर आपण कोरून काढतो. कान कोरायचे ते कानकोरणे. शिवणात ठिगळ जोडावे लागते, भाजीत मीठमसाला घालावा लागतो. कोरण्यात मात्र काढून टाकता टाकताच वस्तू घडते. पाथरवट दगडात काही घालत नाही. नको तेवढे काढतो, आणि देव उरतो. आपल्या बारामती तालुक्यात लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचे देऊळ आणि तिथला दगडी यज्ञवराह ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे निराळे सांगायला नको.

या शब्दाचे सोयरेही पाहण्यासारखे आहेत. 'नक्षी' ही अरबी 'नक्श'पासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. 'नकाशा' हा तिचाच भाऊ. जात्याला लावतात ती 'टाकी' संस्कृत 'टंका'ची लेक. डोंगरातले 'लेणे' मूळच्या 'लयना'चे, म्हणजे राहण्याच्या जागेचे. आपण अंगावर लेतो ते लेणे निराळे. नाव एक, कुळे दोन.

मला सर्वांत नवल वाटले ते 'लिहिणे' या शब्दाचे. संस्कृत 'लिख्' म्हणजे मुळात ओरखडणे. इंग्रजीतला 'कार्व्ह' आणि ग्रीकांचा लिहिण्याचा शब्द यांचे मूळही एकच सांगतात. म्हणजे माणूस आधी कोरायला शिकला, आणि त्यालाच पुढे लिहिणे म्हणू लागला.

आता घरची गोष्ट सांगते. माझी आई इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवची. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. गाव भीमेच्या पाण्याखाली गेले, माणसे वर सोलापूर रस्त्याकडे येऊन राहिली. पळसनाथाचे कोरीव देऊळ पाण्यातच राहिले. धरण फार उतरले म्हणजे ते वर दिसते.

आईला लग्नात माहेरची तांब्याची घागर मिळाली होती. आता आई माझ्याकडे असते, घागरही. घरात नळ आहे, घागर माळ्यावर पडून. मागल्या दिवाळीच्या आधी मी ती मोडीत घालायला काढली. मोडवाला दारात आला, वजनही करून झाले. आई ओसरीवर होती. ती काही बोलली नाही. फक्त घागरीच्या गळ्यावरून तिने बोट फिरवले.

आईला वाचता येत नाही. मी वाकून पाहिले, तर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले होते. तिचे माहेरचे नाव. लग्नात ते बदलले. रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे सासरचे नाव. माहेरचे घर पाण्यात, आणि त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नाही. इतकी वर्षे ती घागर मी घासली, पण अक्षरे कधी वाचली नव्हती.

मी ते नाव मोठ्याने वाचले. आई म्हणाली, "ओ."

मोडवाल्याला मी हात जोडले आणि घागर आत नेली.

भगिनींनो, टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण एकमेकींना ऐकवतो. घाव आपण पुष्कळ सोसतो. नाव मात्र कोठे राहते ते पाहत नाही. म्हणून एक विनंती करते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातले एक जुने भांडे आणावे, आईचे, सासूचे, आजीचे. त्यांवरची नावे आपण एका वहीत उतरवून घेऊ. वही माझी. अक्षर फार वळणदार नाही, पण लिहीन मीच.