आंबा सोडू नका, मोजून खा

(बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या बैठकीत युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



महागाई भत्ता आणि रिकाम्या जागा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज रक्तातल्या साखरेवर बोलू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आढळले. आपल्या या सभागृहातही ते आहेत.

बंगळूरला बदली होऊन आले की पहिली डोळ्यांत भरतात ती फळे. उन्हाळ्यात बदामी, म्हणजे आपला हापूसच, शिवाय रसपुरी आणि मल्लिका. गाडीवर फणसाचे गरे. बारा महिने एलक्की केळी, म्हणजे आपली वेलची. साखर निघाली की घरचे म्हणतात, आता सगळे बंद! माणूस दोन महिने पाळतो आणि तिसऱ्या महिन्यात लग्नात आमरसाच्या तीन वाट्या रिचवतो. याला पथ्य म्हणत नाहीत.

हिशेब साधा आहे. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. एका लहान फुलक्यात जवळपास तेवढीच. आंबा खायचा तर ताटातला फुलका उचलून ठेवा. आम्ही पाहतो ते उलटेच. नाचणी साखरेला चांगली म्हणून रागी मुद्देचे दोन गोळे, त्यावर भात-सांबार आणि शेवटी आंबा. नाचणी चांगली खरीच, पण तेही पीठच आहे. फणस आणि केळ्यात कर्बोदके आंब्याच्या दीडपट. एलक्की एक खा, डझन नको. पपई त्यामानाने हलकी. पेरू सर्वांत सोयीचा, चोथा भरपूर आणि खिशालाही परवडतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र केळे आणि शहाळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

रसाचे काय? एका पेल्यात तीन-चार मोसंबी जातात, चोथा गाळला जातो, वर गाडीवाला साखर घालतो. चावून खायला दहा मिनिटे लागली असती ते दोन घोटांत पोटात.

आता ड्युटीचा प्रश्न. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याचे जेवण गाडी रखडल्यामुळे लांबले, तर साखर खाली घसरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा मात्र तोच रस कामाचा. अर्धा पेला रस किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काही खा. इंजिनात हे एकट्याने निस्तरायचे नसते. जोडीदाराला आधी ठाऊक हवे. टपाल वाटणाऱ्याने पिशवीत साखरेची पुडी ठेवावी.

पण आपली माणसे सांगतच नाहीत. मेडिकलमध्ये नापास झालो तर रनिंग भत्ता जाईल, ही भीती खरी आहे, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. मेडिकल कारणाने वर्ग उतरलेल्याला पर्यायी काम देण्याचा रेल्वेचा नियम आहे. तो पदरात पाडून घेण्याचे काम युनियनचे. लपवलेल्या आजारासाठी आम्ही काय भांडणार?

रनिंग रूममध्ये आणि सॉर्टिंगच्या पाळीत वेळेवर जेवण, साखर तपासण्याचे यंत्र आणि चहा-बिस्किटांऐवजी एक अख्खे फळ, अशी मागणी आम्ही निवेदनात घातली आहे. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. सही करून जा.