महापौराची खुर्ची आणि दिल्लीची वाट

(अर्धापूर येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज एका महापौराची हकिकत सांगणार आहे. महापौर मुंबईचा आणि सभा अर्धापुरात, याचा मेळ काय, असं कुणी विचारील. विचारायलाच पाहिजे. उत्तर त्या हकिकतीतच आहे.

सदाशिव कान्होजी पाटील हे त्यांचं नाव. स. का. पाटील म्हणून सारा देश त्यांना ओळखत होता. माणूस परका नव्हता; सावंतवाडीकडचा, आपल्याच भाषेचा. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, हे आपण मान्य केलं पाहिजे. विरोधकाचं चांगलं ते चांगलं म्हणावं, तरच आपल्या तक्रारीला वजन येतं. १९४९ ते १९५२ या काळात लागोपाठ तीनदा ते मुंबईचे महापौर झाले.

आता महापौर म्हणजे काय? झगा, मोटार आणि मानाची खुर्ची. पण १८८८ च्या कायद्याने मुंबई पालिकेच्या कारभाराची किल्ली ठेवली आयुक्ताच्या हाती, आणि आयुक्त नेमतं सरकार. नळ, गटार, रस्ता, झाडूवाल्याचा पगार, सगळं आयुक्ताच्या सहीने. महापौराने सभा चालवायची आणि पाहुण्याला हार घालायचा. गिरणीच्या भाषेत सांगायचं तर साचा चालवणारा एक आणि फीत कापणारा दुसरा.

मग पाटलांचा दरारा कशामुळे होता? खुर्चीमुळे नव्हे. मुंबई प्रदेश काँग्रेस त्यांच्या मुठीत होती. कुणाला तिकीट द्यायचं, शेठजींकडून निवडणुकीचा निधी किती आणायचा, हे त्यांच्या शब्दावर ठरे. मुंबईचा अनभिषिक्त राजा असं लोक त्यांना म्हणत. महापौरपद ही त्या माणसाच्या वाटेवरची एक पायरी होती. १९५२ साली ते लोकसभेत गेले आणि नजर दिल्लीवर लागली.

आणि इथेच आपला संबंध येतो. १९५५ साली राज्यांच्या पुनर्रचनेचा प्रश्न ऐरणीवर आला. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. निजामाचं राज्य १९४८ मध्ये गेलं होतं, पण मराठवाडा अजून मराठी मुलखाला जोडायचा होता. आपली उडी महाराष्ट्राकडे, आणि नेमकं त्याच वेळी महाराष्ट्राचं मस्तकच, म्हणजे मुंबई, वेगळं काढायचा घाट घातला गेला. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील अशी घोषणा केली. ते टिकलं असतं, तर आपल्याला काय मिळालं असतं? कोरडवाहू जमीन आणि तुटपुंजी तिजोरी. अर्धापूरच्या शेतकऱ्याचं आणि नांदेडच्या गिरणी कामगाराचं नुकसान मुंबईच्या कामगाराइतकंच झालं असतं.

पाटील मुंबई वेगळी काढणाऱ्यांच्या बाजूला होते. का? हिशेब साधा आहे. मुंबई वेगळी राहिली, तर तिथलं राजकारण त्यांच्याच हाती राहतं. मुंबई महाराष्ट्रात आली, की सातारा, सोलापूर, नांदेडची माणसं विधानसभेत येऊन बसतात आणि शब्द त्यांचा चालतो. माणूस मराठी होता, पण त्याचं राजकारण ज्या पेढीवर उभं होतं ती पेढी मराठी नव्हती. नेत्याची जात, भाषा, गाव बघू नका. त्याची पेढी कुठे आहे ते बघा.

२० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर सभा झाली. मोरारजी देसाई आणि पाटील तिथे जे बोलले, त्याने मुंबई पेटली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत आपल्यासारखे गिरणी कामगार होते. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्यांच्याच रक्ताने ती महाराष्ट्राला मिळाली.

१९५७ साली लोकांनी हिशेब मांडला. पाटील ज्या खुर्चीवर बसत, त्या खुर्चीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचे आचार्य दोंदे बसले. त्यांच्यामागून आले मिरजकर, कामगारांचे पुढारी. पण पाटील स्वतः निवडून आले आणि दिल्लीत मंत्री झाले. नशीब बघा. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि तीनच दिवसांनी, ४ मे ला, हे गृहस्थ अन्नमंत्री म्हणून वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या गव्हाच्या करारावर सही करत होते. १ कोटी ७० लाख टन धान्याचा तो करार. घरची लढाई हरले, तरी दिल्लीचा दरवाजा उघडाच राहिला. १९६३ च्या कामराज योजनेत मंत्रिपद सोडलं, १९६४ मध्ये रेल्वेमंत्री होऊन परत आले. पंतप्रधान कोण व्हावा हे ठरवणाऱ्या चार-पाच जणांत त्यांची गणना होती.

आणि १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांना पाडलं कुणी? जॉर्ज फर्नांडिस यांनी. टॅक्सीवाल्यांचा, पालिका कामगारांचा पुढारी, आणि त्याच महापालिकेतला एक नगरसेवक! ज्या सभागृहात पाटील महापौर म्हणून मिरवले, तिथल्याच एका बाकावरून त्यांचा पराभव उठला. हा धनुष्यबाण परक्याच्या भात्यातला नव्हता. पाटील पुढे लोकसभेत गेले ते १९६९ मध्ये, गुजरातेतल्या बनासकांठ्यातून. मुंबईचा राजा मुंबईतून परत निवडून आला नाही.

दुसरी बाजूही सांगतो. आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण १९५२ ते ५६ नांदेडचे नगराध्यक्ष होते. पुढे १९७५ मध्ये मुख्यमंत्री झाले, नंतर देशाचे गृहमंत्री. मुंबईचे १९७६ चे महापौर मनोहर जोशी १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले. नागपूरचे महापौर राहिलेले देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये त्याच पदावर पोचले. तेव्हा शिडी चढणं हा गुन्हा नव्हे. गावच्या पालिकेतून वर गेलेल्या माणसाला निदान नळाला पाणी का येत नाही ते ठाऊक असतं. प्रश्न एवढाच, की वर जाताना तो खालच्यांना धरून जातो, की त्यांच्या खांद्यावर पाय देऊन.

बंधूंनो, १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची वाताहत झाली. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगाही बंद पडला. साचा गेला, पाळी गेली, पण मत गेलेलं नाही. उद्या कुणी महापौर, नगराध्यक्ष, नगरसेवक तुमच्या दारी वरच्या पदासाठी मत मागायला येईल. त्याला तीन गोष्टी विचारा. तुझ्या निवडणुकीचा पैसा कुणाचा? पालिकेत असताना आमच्या वस्तीचा कोणता ठराव मांडलास? आणि संकटाच्या दिवशी तू कुणाच्या व्यासपीठावर होतास?

केळीचा मळा तुम्ही रोज बघता. घड कितीही भारी लागो, तो एकदाच लागतो. घड उतरला की बुंधा कापून टाकतात. पिलं फुटतात ती जमिनीतल्या कंदातून. खुर्चीवाले घड आहेत, तुम्ही कंद आहात. तेव्हा घडाचं वजन बघून दिपून जाऊ नका. तो कुठल्या कंदावर वाढला, ते त्याला विसरू देऊ नका.

जय महाराष्ट्र!