सातपुड्याचा नकाशा
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)

अध्यक्षबाई व भगिनींनो,

सावद्याच्या उत्तरेला सातपुडा आपल्याला रोज दिसतो. हा डोंगर कागदावर कसा उतरला, आणि त्या कागदाशी बायकांचा काय संबंध, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पोलादी साखळीने एक सरळ रेघ मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरची टेकडी दुर्बिणीच्या यंत्रातून पाहून कोन मोजले, की टेकडीवर न जाताही तिचे अंतर गणिताने निघते. मग तीच बाजू धरून पुढचा त्रिकोण. गोधडीच्या ठिगळांसारखे एकाला एक जोडीत हे त्रिकोण उत्तरेकडे आले. यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन! ते माणसांनी डोंगरमाथ्यावर चढवावयाचे. लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही मोजणी वऱ्हाडातून, म्हणजे आपल्या पूर्वेकडून, सातपुडा ओलांडून सिरोंजपर्यंत नेली. पुढचे बारीक नकाशे अशाच त्रिकोणांच्या आधारावर तयार झाले.

परंतु भगिनींनो, दुर्बिणीतून नाव दिसत नाही. ओढ्याचे, घाटाचे, पाणवठ्याचे नाव तेथल्या माणसालाच विचारावे लागते. सरपण, मोहाची फुले, डिंक यांसाठी रान तुडविणाऱ्या पावरा, भिल्ल, तडवी बायकांना ती नावे तोंडपाठ असतात. नकाशात मात्र त्यांतली थोडीच येतात.

यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने जंगलातील कसत्या जमिनीचा हक्क मागता येतो. तेथे सरकारी नकाशा पुरावा धरतात. तसाच गावातील वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही धरतात. जोडप्याला मिळणारा जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. गावच्या वनहक्क समितीत निदान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा म्हातारीला ठाऊक असलेले ओढ्याचे नाव म्हणजे नुसती आठवण नव्हे. शेताची हद्द त्यावर ठरू शकते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या भागाचा सर्वेक्षण खात्याचा नकाशा मंडळाने मिळवून सभागृहात लावावा. पाड्यांवरच्या बायकांना मानाने बोलवावे, आणि त्यात नसलेली नावे त्यांच्या तोंडून ऐकून एका वहीत लिहून ठेवावीत. लिहिणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत.

इतके बोलून मी आपली रजा घेते.