सिलिंडरात प्राणवायू किती?



आदर्श वायूचे सूत्र आपणां सर्वांना पाठ असते. दाब गुणिले घनफळ म्हणजे वायूचे परिमाण, एक स्थिरांक आणि तपमान यांचा गुणाकार. बॉइल आणि शार्ल यांच्या नियमांची सांगड घालून क्लापेरॉन यांनी 1834 साली ते मांडले. परंतु सूत्र पाठ असणं वेगळं आणि ते वेळेला उपयोगी पडणं वेगळं.

2021 च्या उन्हाळ्यात प्राणवायूचा सिलिंडर हा शब्द घरोघर पोचला. तेव्हा कुणापुढेही उभे राहिले असते असे एक उदाहरण सोडवू या.

समजा, आरमोरीहून एका रुग्णाला नागपूरला न्यावयाचे आहे. वैनगंगेचा पूल, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड असा रस्ता. सिलिंडर मोठा, आतली जागा 46 लिटर. रुग्णाला मिनिटाला 10 लिटर प्राणवायू लागतो. सिलिंडर वैशाखाच्या उन्हात राहून 57 अंशांपर्यंत तापला आहे आणि काटा 55 वर आहे. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 55 वातावरणांनी जास्त. प्राणवायू किती वेळ पुरेल?

घाईने 46 ला 55 ने गुणले, की 2530 लिटर येतात. म्हणजे 253 मिनिटे. पण थांबा! हे लिटर 57 अंशांवरचे झाले. रुग्णाला द्यायचा वायू 27 अंशांवर मोजायचा, असे धरू. मग कुणी म्हणेल, 27 भागिले 57 करा. तसं केलं तर जेमतेम 1200 लिटर उरतात अन् विनाकारण घाबरगुंडी उडते. वायूचे तपमान निरपेक्ष शून्यापासून मोजावे लागते. दोन्हींत 273 मिळवा: 300 आणि 330. आता 2530 गुणिले 300 भागिले 330, म्हणजे 2300 लिटर. 230 मिनिटे. उन्हाने काट्यावर दाखविलेली 23 मिनिटे खरी नव्हती!

दाबाचे शून्यही असेच पारखून घ्यावे. काटा शून्यावर आला तरी सिलिंडरात बाहेरच्या दाबाचा 46 लिटर वायू उरतोच. पण तो आपण होऊन बाहेर येत नाही. म्हणून येथे काट्याचा आकडा तसाच घेतला. सायकलच्या ट्यूबमधील हवा तापून दाब किती वाढेल, असे विचारले तर मात्र त्यात बाहेरचा दाब आधी मिळवलाच पाहिजे.

तेव्हा आकडे घालण्यापूर्वी एवढंच विचारा: हे शून्य कुठलं? आणि उत्तर बरोबर आलं तरी ते ठोकळमानाचंच आहे, हे ध्यानात ठेवून गाडीत दुसरा सिलिंडर घ्या.